तुंबलेली मोरी आणि क्रेनवाले बाबा

बाबांनी सगळी नोकरी उंचावर काढली. मालधक्क्यावरच्या मोठ्या क्रेनच्या केबिनमध्ये बसून त्यांनी लाकडाचे ओंडके, लोखंडी कांबी, यंत्रांची खोकी आणि एकदा तर एक अख्खी होडी उचलून इकडची तिकडे ठेवली. खालची माणसं मुंगीएवढी दिसत. ती हात हलवून खुणा करत, बाबा दांडा ओढत आणि हुक हळूहळू खाली जाई. बोलायची वेळच येत नसे. घरी आल्यावरही ते फारसं बोलत नसत, त्यामुळे दोघांच्या वाटचं बोलायची सवय त्यांच्या बायकोला लागली होती. घर तिचंच होतं. साखर कुठल्या डब्यात, पाण्याचं बिल कधी भरायचं, मुलीच्या शाळेत कोणी कधी जायचं, यातलं काही बाबांना ठाऊक नव्हतं. कधी चुकून विचारलंच तर ती म्हणे, "तुम्ही आपली क्रेन सांभाळा."

क्रेन सुटली, बाबा निवृत्त झाले, आणि दोघं आता कुठे जरा निवांत एकमेकांसमोर बसायला लागली होती तोच ती आजारी पडली. दवाखान्यात गेली ती परत आली नाही. धावपळ सगळी मुलीनं केली. औषधं आणणं, डॉक्टरांना गाठणं, कागदांवर सह्या, रात्रीची जागरणं, सगळं तिनंच. बाबा बाहेरच्या बाकावर बसून असत. त्यांना कोणी काही आणायला सांगितलं असतं तर ते धावत गेले असते, पण त्यांना सांगण्यापेक्षा स्वतः करणं सोपं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

सगळं आटोपल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही आमच्याकडे चला. एकट्यानं तुम्हाला चहासुद्धा जमणार नाही."

ते खरंच होतं. घराला कुलूप लावून, एक बॅग घेऊन बाबा तिच्याकडे राहायला आले.

मुलीचं घर पहिल्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराला लागून न्हाणीघर. मुलगी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. जावई एका मालवाहतूक कंपनीत हिशेब बघायचा. दोघंही सकाळी घाईनं बाहेर पडत आणि दिवे लागल्यावर परत येत. बाबांना दोघांनी फुलासारखं ठेवलं होतं. ताट उचलायला उठले की जावई म्हणे, "तुम्ही बसा." झाडू हातात घेतला की मुलगी म्हणे, "बाबा, तुम्ही बसा बरं." बाबा बसत. सगळी हयात बसूनच काढली होती, पण त्या बसण्यातून टनाटनानं माल हलत असे. इथे बसून काही म्हणजे काही हलत नव्हतं.

मुलीनं शेजाऱ्यांना त्यांची ओळख "आमचे बाबा, क्रेन चालवायचे" अशी करून दिली होती. तेव्हापासून ते इमारतीत सगळ्यांचे क्रेनवाले बाबा झाले.

पाणी तुंबतंय हे पहिल्यांदा बाबांच्याच लक्षात आलं, कारण अंघोळीला त्यांचा नंबर शेवटचा. उभे राहिले की पाणी घोट्यापर्यंत चढे आणि मग बराच वेळ जाळीभोवती गोल गोल फिरत राही. दुसऱ्याच्या घरात खोट कशी काढायची, म्हणून ते गप्प बसले. हळूहळू पाणी घोट्याच्या वर आलं. मग एका रविवारी ते उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात शिरलं आणि जावयाच्या पायमोज्यांपर्यंत पोचलं.

"हे कधीपासून होतंय?" जावयानं विचारलं.

"होतंय थोडे दिवस," बाबा म्हणाले.

"मग सांगायचं नाही का, बाबा?"

जावई स्वभावानं चांगला होता, पण सुट्टीच्या दिवशी घरात काही बिघडलं की त्याचा पारा चढायचा. तो खाली जाऊन मोरी उघडायची बाटली घेऊन आला. लाल झाकणाची, मागे कवटीचं चित्र असलेली. बाटलीवर लिहिलं होतं त्याच्या दुप्पट त्यानं ओतलं, वर कढत पाण्याचं भांडं रिकामं केलं, आणि दार लावून घेतलं. पाइपातून गुडगुड आवाज आला. दाराच्या फटीतून असा उग्र दर्प आला की बाबा खोकत खोकत खिडकीशी जाऊन उभे राहिले. पण पाणी गेलं. झर्रकन गेलं. जावई हात पुसत म्हणाला, "झालं काम. उगाच प्लंबरला कशाला बोलवा?"

दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेल्यावर दार वाजलं. बाबांनी उघडलं. समोर पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. खांद्यावर ओला टॉवेल, कानामागे कंगवा. खालच्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूला बायकांचं पार्लर होतं, ते यांचं.

"वर मोरीत काय केलंत?" त्यांनी विचारलं. "माझ्या खुर्चीवर पाणी गळतंय. आणि खुर्चीवर गिऱ्हाईक आहे."

बाबा तसेच चपला घालून खाली गेले. छतावर ताटाएवढा ओला डाग पडला होता आणि त्याच्या मधून थेंब थेंब पाणी ठिबकत होतं. गिऱ्हाईक बाई डोक्याला फडकं गुंडाळून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या आणि छताकडे संशयानं बघत होत्या. पार्लरवाल्या बाईंनी आपल्या ओळखीचा प्लंबर बोलावला. तो आला, छताची एक पट्टी काढून त्यानं वर बघितलं आणि म्हणाला, "कोणीतरी बाटली ओतलीय. सांधा मऊ पडून सुटलाय."

बाबांनी मान खाली घातली. जणू त्यांनीच ओतली होती.

"एका प्लंबरचे पैसे वाचवायला गेले आणि दोघांच्या घराचं नुकसान करून बसले," बाई म्हणाल्या. "मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा. हे काम कोणाचं?"

"माझंच," बाबा म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं. खोटं त्यांना लगेच कळलं असावं, पण त्यांनी ते ताणलं नाही. प्लंबर सांधा बदलून गेल्यावर त्या म्हणाल्या, "काका, आत या. तुम्हाला एक दाखवते."

आत केस धुवायचं बेसिन होतं. दिवसभर त्यात केस, साबण, रंग, काय काय जात असे. तरी पाणी कुठे अडत नव्हतं. बाई म्हणाल्या, "माझ्याइतके केस गावात कोणाच्या पाइपात जात नसतील. पूर्वी मीही बाटली ओतायचे. एकदा वाफ अशी नाकातोंडात गेली की आठवडाभर आवाज बसला. गिऱ्हाइकांना वाटलं, मी रागावलेय. तेव्हापासून कानाला खडा."

त्यांनी जाळी काढली, कपड्याच्या जुन्या हँगरची तार सरळ करून तिच्या टोकाला केलेला छोटा आकडा पाइपात सोडला आणि फिरवून वर ओढला. केसांचा एक ओला, काळा बोळा बाहेर आला. "हे पहिलं. केस कशानं विरघळत नाहीत, ते हातानंच काढायचे. मग राहतो तो साबणाचा चिकटा. त्याला खायचा सोडा टाकायचा, आत, पाइपात. त्यावर व्हिनेगर. फसफसलं की वर ओलं फडकं दाबून ठेवायचं, आणि चहा पिऊन यायचं. मग गरम पाणी. उकळतं नाही, हात जेमतेम सोसेल इतकंच. पाइप प्लॅस्टिकचा असतो, तुमच्यासारखा लोखंडी नाही."

"मी कुठला लोखंडी," बाबा म्हणाले. बायको गेल्यापासून त्यांनी केलेली ही पहिली थट्टा होती, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही, त्यांच्याही नाही.

संध्याकाळी त्यांनी जावयाला सांध्याचं सांगितलं. जावई ओशाळला, खाली जाऊन बाईंची माफी मागून आला आणि उरलेली बाटली बंद करून त्यानं कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी बाबांनी सोडा आणि व्हिनेगर आणलं. रविवारी पाणी झर्रकन गेलं ते सुटलेल्या सांध्यातून; त्यापुढचा पाइप अजून तुंबलेलाच होता, पाणी रेंगाळतच होतं. पार्लरवाल्या बाईंनी बजावलं होतं की बाटलीतलं औषध पाइपात शिल्लक असताना वर दुसरं काहीही ओतायचं नाही, म्हणून त्यांनी आधी बादल्या बादल्या साधं पाणी सोडलं आणि चार दिवस थांबले. पाचव्या दिवशी त्यांनी उत्साहाच्या भरात सोडा आणि व्हिनेगर तांब्यातच एकत्र केलं. तांब्या फसफसून उतू गेला, फेस त्यांच्या चपलांवरून वाहत दारापर्यंत गेला, आणि पाइपात पडलं ते नुसतं पांढरट पाणी. सगळा जोर तांब्यातच संपला होता. ते खाली जाऊन बाईंना सांगायला लागले, तर बाई हसून हसून खुर्चीवर बसल्या.

"काका, भांडण त्यांच्यात लावायचं ते पाइपाच्या आत. बाहेर लावून काय उपयोग?"

दुसऱ्या वेळी जमलं. तार खाली सोडताना बाबांना आपला हात ओळखीचा वाटला. आकडा कुठे अडकतोय, ओझं कधी धरलं गेलंय, ओढलं तर सुटेल की तुटेल, हे न बघता बोटांना कळायला लागलं. केसांचा एक लांबलचक दोर सरसर वर आला आणि पाणी गुळगुळ करून निघून गेलं. बाबा बराच वेळ तिथे उकिडवे बसून जाळीकडे बघत राहिले.

मग तो त्यांचा नेमच झाला. मुलगी आणि जावई बाहेर पडले की बाबा बाह्या सारून न्हाणीघरात शिरत. आठवड्यातून एकदा न्हाणीघर, एकदा स्वयंपाकघरातलं सिंक. तेलकट भांडी आधी कागदानं पुसून मग सिंकमध्ये ठेवायची, हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं आणि जावयालाही शिकवलं. जावयाला ते आवडलं नाही.

"बाबा, हे काम तुम्ही कशाला करता?" तो म्हणाला. "लोक म्हणतील, सासऱ्याकडून मोऱ्या साफ करून घेतात."

"लोकांचं काय," बाबा म्हणाले, "त्यांची तुंबली की तेही येतील."

आणि आलेही. आधी समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या आजी आल्या, मग वरच्या मजल्यावरचा शिंपी. बाबा तार घेऊन जात, काम करून येत, चहा घेत. बोलणं अजून बेताचंच होतं, पण घरोघरच्या मोरीत काय सापडतं यावर ते आता चक्क दोन वाक्यं सलग बोलू लागले होते. शिंप्याच्या पाइपात दोरे, आजींच्या पाइपात एक हरवलेला दात. आजी तो दात धुवून परत ठेवून देणार होत्या, बाबांनी महत्प्रयासानं त्यांना परावृत्त केलं.

याच दिवसांत त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. घरच्या न्हाणीघरातले केस दर आठवड्याला वाढत होते. जावयाचे केस बोटभर, बाबांच्या डोक्यावर तर बोलण्यासारखं काही नव्हतंच. तेव्हा हे लांब केस एकाच माणसाचे. सुरुवातीला बोळा लिंबाएवढा निघायचा. मग मुठीएवढा. एका सकाळी बाबांनी आकडा वर ओढला तर केस येतच राहिले, येतच राहिले. ते ओंजळीत घेऊन बाबा उजेडासाठी खिडकीशी गेले.

तेव्हा त्यांना आठवलं की मुलगी हल्ली केस मोकळे सोडत नाही. घट्ट बांधते, घरातही डोक्याला रुमाल असतो. आरशासमोर उभी राहिली की दार लोटून घेते. विचारायचं कसं? मुलीच्या केसांबद्दल त्यांनी जन्मात काही विचारलं नव्हतं. ते खातं तिच्या आईचं होतं.

बाबांनी केस वर्तमानपत्रात गुंडाळले आणि पुडी घेऊन ते खाली गेले. पार्लरमध्ये कोणी नव्हतं. पुडी पुढे करताना त्यांचे कान लाल झाले होते.

"बाई, हे जरा बघता का? मुलीचे आहेत."

बाईंनी पुडी उघडली. एक केस उजेडात धरला, मग दुसरा, मग तिसरा. चेहऱ्यावरची थट्टा गेली.

"हे विंचरताना तुटलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "मुळासकट आलेत. बघा, टोकाला पांढरा ठिपका आहे. एवढे केस असे जातात ते अंगाला काहीतरी मोठा धक्का बसल्यावर. मोठं दुखणं, ताप, काळजी, काहीही. आणि गंमत अशी की ते लगेच जात नाहीत. धक्का बसतो आज आणि केस गळतात दोन-तीन महिन्यांनी. म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. आठवून बघा, दोन-तीन महिन्यांपूर्वी घरात काय झालं होतं?"

बाबांनी मनात मोजलं.

"काही नाही," ते म्हणाले. "मी राहायला आलो."

"एवढंच?"

"एवढंच."

"तिला डॉक्टरकडे घेऊन जा," बाई म्हणाल्या. बाबांनी मान हलवली आणि ते जिना चढायला लागले. बायको गेली हे त्यांनी बाईंना कधी सांगितलंच नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. ते शब्द तोंडातून काढायची वेळ येऊ नये म्हणून तर ते मोऱ्यांबद्दल बोलत.

वर येऊन ते आपल्या खाटेवर बसले. आता त्यांना सगळं लख्ख दिसायला लागलं. दोन खोल्यांचं घर, त्यातली एक आपण अडवलेली. पोर सकाळी उठून आपला डबा करून ठेवते, मग कामावर पळते. रात्री दमून आली तरी आधी विचारते, "बाबा, औषध घेतलं?" जावई चार शब्द कमी बोलतो, तेही आपल्यामुळेच. कुठेतरी पाणी मुरतंय असं त्यांना वाटतच होतं, ते कुठे मुरतंय ते आज कळलं. तिच्या डोक्यावर बसून आपण तिचे केस घालवले.

संध्याकाळी दोघं घरी आली तेव्हा बॅग भरून दाराशी ठेवलेली होती.

"हे काय?" मुलीनं विचारलं.

"जातो म्हणतो घरी," बाबा म्हणाले. "चहा शिकलोय मी आता. पार्लरवाल्या बाईंनी शिकवला."

जावयाचा चेहरा उतरला. तो खुर्ची ओढून बाबांच्या समोर बसला. "बाबा, माझं मोरीवरचं बोलणं लागलं का तुम्हाला? मी तसं म्हणालो नव्हतो. तुम्हाला कमीपणा येऊ नये एवढंच मनात होतं. ऑफिसात तर मी सांगतो सगळ्यांना, आमचे सासरे प्लंबरच्या तोंडात मारतील."

"नाही हो, जावईबापू. तुमचं काही नाही."

"मग माझं काही चुकलं?" मुलगी म्हणाली. तिनं अजून खांद्यावरची पर्स काढली नव्हती.

बाबा तिच्याकडे बघू शकले नाहीत. जमिनीकडे बघत म्हणाले, "बबडे, तुझे केस गळतायत."

बबडी हे तिचं लहानपणचं घरातलं नाव. आई गेल्यापासून ते कोणी उच्चारलं नव्हतं. मुलीचा हात आपोआप डोक्यावरच्या रुमालाकडे गेला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"पाइपातून मीच काढतो ना. पुडी बांधून खाली दाखवून आलो. बाई म्हणाल्या, दोन-तीन महिन्यांपूर्वी काहीतरी धक्का बसला असणार. तेव्हा मीच आलो होतो इथे. म्हणजे माझाच भार झाला तुला. तू बोलणार नाहीस, तुझी आईही बोलली नसती. म्हणून मीच जातो."

मुलगी पर्स टेबलावर ठेवून त्यांच्याशेजारी खाटेवर बसली.

"बाबा, तुम्ही इथे का आलात?"

"तू आणलंस म्हणून."

"मी का आणलं?"

बाबा बोटांनी चादरीचं टोक चाळवायला लागले.

"आई गेली म्हणून," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "तुमची बायको गेली, बाबा. माझी आई गेली. त्या दिवसापासून या घरात तिचं नाव कोणी घेत नाही. तुम्हाला त्रास होईल म्हणून मी घेत नाही. तुम्ही का घेत नाही, ते तुम्हाला माहीत. रडायचं झालं तर मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडते."

जावई उठून हळूच स्वयंपाकघरात गेला.

बाबांनी हे कधी मनातच आणलं नव्हतं. बायको गेली तेव्हा त्यांना वाटलं होतं, आपलं सगळं गेलं. बाकावर बसून त्यांनी पोरीला धावताना बघितलं होतं आणि वाटलं होतं, किती खंबीर आहे ही. तिचंही काही गेलंय, हे त्यांच्या डोळ्यांसमोर असून दिसलं नव्हतं. एवढ्या उंचावरून माणसं बघायची सवय, की जवळचं माणूस नजरेतच येत नव्हतं.

"मला कळलं नाही गं," ते म्हणाले.

"मी कळू कुठे दिलं."

मग ती रडली. या वेळी नळ न सोडता. बाबांना काय करावं कळेना, म्हणून ते नुसते तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. थोड्या वेळानं तेही रडायला लागले. जावयानं चहा आणून समोर ठेवला. तो गार झाला, तेव्हा त्यानं न बोलता दुसरा केला. बॅग दाराशीच होती, ती रात्री त्यानंच उचलून परत कपाटावर टाकली.

दुसऱ्या दिवशी मुलीनं सुट्टी घेतली आणि तिघं डॉक्टरकडे गेले. डॉक्टरीणबाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. त्यांनी रक्त तपासलं. रक्त कमी होतं, महिनोन् महिने नीट जेवण-झोप नव्हती. त्यांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की केस परत येतील, पण वेळ लागेल, आणि रोज मोजत बसायचे नाहीत. "आणि घरात कोणीतरी हिला उशिरा उठू द्या," त्या जावयाकडे बघून म्हणाल्या. तेव्हापासून सकाळचे डबे जावई करायला लागला. पहिले काही दिवस बाबांनी ते मुकाट्यानं खाल्ले, तेवढं त्यांनी जावयासाठी केलंच.

त्याच आठवड्यात मुलगी पार्लरमध्ये गेली. तिला एकटीला जायचा धीर होत नव्हता, म्हणून बाबा बरोबर गेले आणि दाराजवळच्या स्टुलावर रस्त्याकडे तोंड करून बसले. बायकांच्या पार्लरात बसायचं त्यांना संकोचाचं वाटत होतं. बाईंनी रुमाल सोडला, बोटांनी केस चाळले आणि म्हणाल्या, "आखूड करू. आखूड केले की विरळ दिसत नाहीत, आणि मुळांवरचा भारही कमी होतो. मानेपर्यंत चालतील?"

"चालतील," मुलगी म्हणाली.

कात्री चालायला लागली. मध्येच बाई बाबांना म्हणाल्या, "काका, त्या दिवशी मी विचारलं, घरात काय झालं होतं. तुम्ही म्हणालात, काही नाही. तुमची मंडळी गेली हे आज हिच्याकडून कळतंय मला."

"सांगायला पाहिजे होतं," बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले.

"सांगायला पाहिजे होतं," बाई म्हणाल्या. मग कात्री थांबवून त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "कशा होत्या त्या?"

बाबांना प्रश्न अवघड गेला. मग म्हणाले, "बोलकी होती. मी घरी आलो की दिवसभरात काय काय झालं ते सगळं सांगायची. मी निम्मं ऐकायचो. तिला ते माहीत होतं. म्हणून महत्त्वाचं असेल ते दोनदा सांगायची."

आरशात मुलगी हसली. तिला हे माहीत नव्हतं.

केस परत यायला बराच काळ गेला. आधी कपाळाच्या कडेनं बारीक बारीक कोंब उभे राहिले. ते काही केल्या खाली बसत नसत, कितीही पाणी लावा. आरशासमोर ती त्यांच्यावर वैतागायची आणि जावई म्हणायचा, कोणीतरी विजेचा झटका दिलाय असं दिसतंय. न्हाणीघराचं दार आता उघडं असे. पाइपातले बोळे लहान होत गेले, मग पंधरवड्यातून एकदा तार घातली तरी पुरायला लागलं. बाबा राहायचे ते तिथेच राहिले. इमारतीतल्या दोन-तीन घरांना त्यांनी सोड्याची आणि तारेची विद्या शिकवून स्वतःचं काम कमी करून घेतलं, आणि उरलेल्या वेळात स्वयंपाक शिकायला लागले.

बंद घराचं काय करायचं, हा विषय मात्र सगळे टाळत होते. शेवटी मुलगीच एका सुट्टीच्या सकाळी म्हणाली, "चला, बाबा. जाऊन येऊ."

कुलूप उघडलं आणि कुबट, घाणेरडा वास अंगावर आला. मुलगी दारातच थबकली. तिच्या आईचं घर नेहमी साबणाच्या वासाचं असायचं. "काय झालंय घराला?" ती म्हणाली.

"काही झालं नाही," बाबा म्हणाले. "जाळीखाली पाइपाला एक बाक असतो. त्यात पाणी साठून राहतं, म्हणून गटाराचा वास वर येत नाही. इतके महिने कोणी पाणी सोडलं नाही, ते आटलं. बस."

त्यांनी नळ सुरू करून बघितला. आधी खोकल्यासारखा आवाज आला, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. त्यांनी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये एक तांब्या ओतला, न्हाणीघरात एक बादली. मुलीनं खिडक्या उघडल्या. वारा आत आला तसा वास विरत गेला. दोघांनी मिळून ओटा पुसला, जाळ्या सोड्यानं घासल्या. डबे उघडून बघितले. साखरेचा डबा कुठला, ते मुलीनं बाबांना दाखवलं.

दुपारी मुलीनं आईचं कपाट उघडलं. त्या दोघांपैकी कोणाचाही हात तिथवर गेला नव्हता. ती जमिनीवर बसून एकेक कपडा बाहेर काढायला लागली आणि बाबा भिंतीला टेकून बसले.

"हे निळं तिनं कधी घेतलं?" मुलीनं विचारलं. "मला आठवतच नाही."

"तुझ्या जन्माच्या आधीचं आहे ते," बाबा म्हणाले. "ते नेसून ती एकदा मालधक्क्यावर आली होती. बायकांना आत सोडायचे नाहीत, पण ती फाटकावरच्या माणसाशी भांडून आत आली. खाली उभी राहून हात हलवायला लागली. मला वाटलं, कोणीतरी माल उचलायची खूण करतंय. मी आपला हुक खाली सोडला."

"मग?"

"मग काय. जवळ आल्यावर कळलं. सगळा धक्का हसत होता. ती मात्र हुकाला डबा अडकवून म्हणाली, घ्या वर. जेवण विसरून आला होतात."

मुलगी ते निळं पातळ मांडीवर घेऊन तशीच बसली. "अजून सांगा," ती म्हणाली.

बाबांनी घसा साफ केला आणि ते सांगायला लागले. कपाट काही त्या दिवशी आवरून झालं नाही. ते पुढच्या सुट्टीत पुन्हा गेले, आणि त्याच्या पुढच्याही.